मोबाइलवर डग्गा का हरवतो?

पत्र: काका, नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहतो. बी.कॉम. झालंय. दिवसा हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो, रात्री गाणी करतो. घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घातलंय. आई भजनी मंडळात गाते, काळी चारच्या पट्टीत. पेटीही तीच वाजवते. आजोबांचा मिरजेचा जुना तंबोरा घरात आहे. आईच्या अभंगांना मी मागून कीबोर्ड आणि तबला भरतो. अडचणी तीन आहेत. एक, माइक कॉम्प्युटरच्या गुलाबी भोकात लावला की खरखर येते आणि मागे सतत घूं चालू असतं. दोन, हेडफोन लावून गायला बसलं की आपलाच आवाज उशिरा कानात येतो. आई म्हणते, मागून कुणीतरी चिडवतंय असं वाटतं. तीन, मोबाइलच्या इअरफोनवर मिक्स करतो तेव्हा सगळं बरोबर लागतं. तेच मामाच्या गाडीत लावलं की दारं थरथरतात, आणि मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा गायब. कॉम्प्युटरवाला म्हणतो, ७.१ चं गेमिंग साउंड कार्ड टाक आणि सोबत गेमिंग हेडसेट घे. मित्राचा हेडसेट तासभर लावून बघितला, चष्म्यामुळे कानामागे दुखतं. पुण्यातला मित्र म्हणतो, १९२ किलोहर्ट्झच्या खालचं काही घेऊ नको. गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवून २५ हजार साठवलेत. कोणतं कार्ड आणि कोणता हेडफोन घेऊ?

उत्तर:

काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो. तुझ्या आईचं ते ‘मागून कुणीतरी चिडवतंय’ मी वहीत उतरवून घेतलं. वीस वर्षं सांगलीत छोटा स्टुडिओ चालवला, पण लेटन्सी, म्हणजे आवाजाला लागणारा उशीर, म्हणजे काय हे गायकांना मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नाही.

तुझ्या तीन तक्रारींतल्या पहिल्या दोन खिशाला फारसा हात न लावता निम्म्या होतील. तिसरी, डग्ग्याची, खरी अवघड आहे. ती कुठल्याही कार्डाने सुटणार नाही, ती हेडफोनने आणि तुझ्या कानाने सुटेल. त्यामुळे कार्डावर डोकं कमी खा.

आधी ते घूं आणि खरखर. हे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांची घरंही वेगळी. बारीक ‘सुस्स’ करणारी खरखर त्या गुलाबी भोकामागच्या सर्किटची. माइकमधून निघणारा सिग्नल फार क्षीण असतो, तो शेकडो पटींनी वाढवावा लागतो. मदरबोर्डवरचं सर्किट ‘हॅलो, ऐकू येतंय का’ एवढ्यापुरतं केलेलं असतं. त्यावर अभंग लादला की ते धापा टाकतं. घूं मात्र बहुतेक वेळा घरातल्या विजेचं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५०, १००, १५० असे सूर वायरींमधून आत शिरतात. जुन्या घरांत भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थिंगची वायर पोचलेलीच नसते. वायरमनला बोलावून एकदा तपासून घे. कुणी सांगेल, प्लगची अर्थची पिन मोडून टाक, आवाज जाईल. कधी कधी जातोही. पण तुझी आई लोखंडी जाळीच्या माइकला ओठ लावून गाणार आहे, हे विसरू नकोस. पिन मोडायची नाही.

माझी फजिती सांगतो. माझ्या स्टुडिओत एकदा दोन-अडीच महिने घुंगुरमाशीसारखा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत होता. केबल बदलल्या, माइक बदलला, कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत हलवला. शेवटी एका उन्हाळ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालू राहिला आणि आवाज गायब झाला. लाइट आल्यावर एकेक बटण दाबत गेलो. चोर निघाला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा दोनवर असला की तो किरकिर करायचा, पाचवर नेला की गप्प. या जातीचे रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापून पंखा हळू करतात, आणि त्या कापाकापीचा आवाज जवळच्या माइकच्या वायरीत शिरतो. तुझ्या खोलीतही आधी पंखा पूर्ण बंद करून ऐक, मग ट्यूबलाइट, मग मोबाइलचा चार्जर. एक मात्र लक्षात घे. इन्व्हर्टरवर माझा आवाज गेला हे नशीब. बरेच साधे इन्व्हर्टर लाट चौकोनी देतात, आणि त्यांच्यावर उलट घूं वाढतं.

आता चिडवणं. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने उचलत नाही, बादल्या भरून उचलतो. त्या बादलीला बफर म्हणतात. बादली १०२४ सॅम्पलची, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या सुट्या नमुन्यांची, असेल आणि तू सेकंदाला ४८ हजार सॅम्पलवर काम करत असशील, तर एक बादली भरायला २१ मिलिसेकंद लागतात. आत जाताना एक, बाहेर येताना एक, शिवाय वर विंडोज स्वतःची घालमेल करतं ती वेगळी. म्हणजे पन्नासच्या घरात गेलास. तीच बादली १२८ सॅम्पलची केली की एका बादलीला पावणेतीन मिलिसेकंद. तुलनेला सांगतो, हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. भजनाला बसल्यावर तीन मीटरवरच्या टाळकऱ्याचा टाळ आईच्या कानात जवळजवळ नऊ मिलिसेकंदांनी उशिराच येतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. स्वतःच्या आवाजाचं तसं नसतं. तो हाडांमधून आपल्याला त्याच क्षणी ऐकू येत असतो, म्हणून हेडफोनमधला थोडासाही उशीर टोचतो.

यावर १९९७ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने एएसआयओ नावाची वाट काढली. ती विंडोजची ही मधली गर्दी टाळून थेट कार्डाशी बोलते. एएसआयओफोरऑल नावाचं फुकट सॉफ्टवेअर तुझ्या आत्ताच्या मदरबोर्डवरही चालण्याची शक्यता बरीच आहे. ते घाल, रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइस म्हणून एएसआयओ निवड, बफर २५६ ठेव, मग १२८ करून बघ. टिकटिक, फुटफुट ऐकू आली की एक पायरी वर ये. मिक्स करताना पुन्हा १०२४ वर जा, तिथे उशिराने काही बिघडत नाही. पंचवीस हजारांना हात लावायच्या आधी हा प्रयोग कर. चिडवणं किती कमी होतं ते मला कळव.

नवीन इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा बाहेरचा डबा, घेतलास की हा प्रश्न जवळजवळ संपतो, कारण त्यावर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण असतं. माइकचा आवाज कॉम्प्युटरात न जाता तिथल्या तिथे हेडफोनमध्ये वळवला जातो. आईला तेवढं बटण दाबून दे, बाकी आकडे तिच्या कानावर घालू नकोस.

मी इंटरफेस म्हणालो, साउंड कार्ड नाही. साउंड ब्लास्टर आलं १९८९ मध्ये. त्या काळात पीसीतून नुसतं ‘टूं’ निघायचं, म्हणून आवाजासाठी वेगळं कार्ड आत खोचावं लागे. आज तो आवाज मदरबोर्डवरच असतो. कॉम्प्युटरवाला तुला जे सांगतोय ते गेम खेळणाऱ्यासाठी आहे, मागून कोण गोळी घालतोय हे कळायला. त्यात माइकची तीन पिनांची एक्सएलआर जागा नसते, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर नसते. शिवाय ते कॅबिनेटच्या पोटात, पंखे आणि पॉवर सप्लायच्या शेजारी बसतं. तुला यूएसबीने जोडायची बाहेरची छोटी पेटी हवी. आणि ७.१ चं, म्हणजे भोवतालच्या आठ स्पीकरांचं, काय करणार? अभंग दोनच कानांनी ऐकतात.

पुण्याच्या मित्राला माझा नमस्कार सांग आणि त्याचं ऐकू नकोस. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढेल तसं तेही घसरतं. माझं कधीच घसरलंय. जेवढी कंपनं टिपायची त्याच्या दुपटीहून थोडा जास्त सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेली सॅम्पलं, पुरतो. म्हणून तर सीडीला ४४.१ ठरवला, आणि १९८२ पासून त्यावरच लोकांनी आयुष्यभराची गाणी ऐकली. तू ४८ वर काम कर, व्हिडिओला तोच लागतो. १९२ वर एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट (२४ बिटमध्ये) साडेचौतीस एमबी खातं, ४८ वर साडेआठ. पाच मिनिटांच्या अभंगाचे आठ ट्रॅक म्हणजे १९२ वर जवळजवळ चौदाशे एमबी. चार पट डिस्क भरेल आणि प्रोसेसरला घाम फुटेल, ऐकणाऱ्याला मात्र काहीच वेगळं मिळणार नाही.

ज्याचा फायदा खरा आहे ते बिट, म्हणजे एकेक सॅम्पल किती बारकाईने मोजलं जातं ते. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलची जागा असते, २४ बिटमध्ये कागदावर १४४ ची. म्हणजे आईने एकदम वरचा षड्ज लावला तर फाटू नये म्हणून तू पातळी निवांत खाली ठेवू शकतोस. काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू दे, लाल दिव्याला शिवू देऊ नकोस. हल्लीच्या जवळजवळ सगळ्या इंटरफेसवर २४ बिट असतंच, त्याचे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

कुठला घ्यायचा? इथे मी पटकन सांगतो, कारण या पट्ट्यातल्या इंटरफेसमध्ये ऐकू येणारा फरक लोक भांडतात तेवढा नसतो. तुला दोन माइकची जागा हवी. आई गाते आणि स्वतःच पेटी वाजवते, म्हणजे एक माइक तोंडापाशी, एक पेटीपाशी. तबल्याला कुणी खरा वादक बसवलास तर पुन्हा दोन लागतील. त्यामुळे फोकसराइटचं स्कार्लेट सोलो नको, त्यात माइकची जागा एकच. स्कार्लेट २आय२, ऑडियंटचा ईव्हीओ ४, मोटूचा एम२, बेहरिंगरचा यूएमसी२०२एचडी, यांतलं कुठलंही चालेल. या चौघांत बेहरिंगर स्वस्त. कंपनी तीच असली तरी धाकटा यूएमसी२२ घेऊ नकोस, माइकची जागा तिथेही एकच. तुझ्या कीबोर्डचा आवाज स्टिरिओ हवा असेल तर त्याची डावी-उजवी दोन्ही टोकं मिळून दोन जागा खातात, हे लक्षात ठेव. म्हणजे कीबोर्ड आणि आई एकाच वेळी नाही. पण तू मागून भरतोस म्हणतोस, तेव्हा अडणार नाही. निवड माझ्यावर सोडलीस तर बेहरिंगर. वाचलेले पैसे पुढे लागणार आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

इअरफोनवर सगळं बरोबर आणि गाडीत दारं थरथरतात, याचं कारण बहुधा तुझ्या कानातच आहे. इअरफोनचं रबर कानात घट्ट बसलं नाही की खर्ज फटीतून निसटून जातो. तुला डग्गा कमी वाटतो, तू तो चढवतोस, तुझ्या कानात गणित जुळतं. गाडीत कुठली फट नसते, तिथे तुझा चढवलेला डग्गा पुरा निघतो. कानांवर बसणाऱ्या हेडफोनमध्ये तीच फट चष्म्याच्या काडीमुळे पडते, हे फार थोड्या लोकांच्या ध्यानात येतं. हेडफोन घालून एकदा चष्मा काढ आणि घाल, काडी बाहेर गेल्यावर खर्ज भरून येतो की नाही ते ऐक.

आणि मोबाइलवर डग्गा गायब का? तुझ्या आजोबांचा तंबोरा याचं उत्तर देईल. काळी चारच्या गळ्याला तंबोऱ्याचा खर्ज लागतो तो १०४ हर्ट्झच्या जवळपास. मोबाइलचा स्पीकर बोटाच्या नखाएवढा, त्याला इतका खालचा सूर नीट काढताच येत नाही. तरीही मोबाइलवर तंबोरा लावला की आपल्याला खर्जाची तार ऐकू येते. का? कारण जवारी. घोडीवर तार जिथे टेकते तिथे ती किंचित घासत राहते, त्यातून वरचे कितीतरी स्वर झणझणत बाहेर पडतात, आणि त्या वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खालचा न वाजलेला सूर स्वतःच जुळवून घेतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसून कारागीर धाग्याचा तुकडा तारेखाली सरकवत बसतो तेव्हा हेच करत असतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण जवारीचं मानांकन कारागिराच्या कानाचं.

तुझ्या डग्ग्याला जवारी नाही, एवढंच. बहुधा तू सॅम्पलमधला तबला घेऊन त्याचा खालचा भाग नुसता चढवलेला आहेस. त्यापेक्षा खालचा भाग थोडा उतरव आणि २०० ते ५०० हर्ट्झमध्ये डग्ग्यावर मनगट घासल्याचा, मींडेचा जो आवाज असतो तो किंचित वर आण. त्यावर सॅच्युरेशन अगदी कणभर घाल, म्हणजे वरचे स्वर तयार होतील. पेटीचा आणि कीबोर्डच्या डाव्या हाताचा खालचा पसारा शंभरच्या खाली छाटून टाक, म्हणजे ती जागा डग्ग्याला मिळेल. मोबाइलवर तो ऐकू यायला लागेल आणि मामाची दारंही वाचतील. हे सगळं करता येण्यासाठी मात्र हेडफोनने तुला खरं सांगायला हवं.

गेमिंग हेडसेट खरं सांगत नाही. त्याचा खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो, बॉम्ब फुटल्यासारखं वाटावं म्हणून. बाजारातले बरेच गाणी ऐकायचे हेडफोनही तसेच. ते गोड वाटतात आणि गोड वाटणं हेच त्यांचं काम. मिक्स करणाऱ्याला उलटा माणूस हवा, सुनेच्या स्वयंपाकात मीठ कमी आहे हे तोंडावर सांगणारी सासू.

दोन जाती असतात. मागून उघडे आणि मागून बंद. उघड्यात आवाज मोकळा, खोलीत ऐकल्यासारखा लागतो. सेनहायझरचा एचडी ६०० हा १९९७ पासून त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. मला मिक्ससाठी तोच आवडतो. पण त्याच्यातून आवाज बाहेर सांडतो. आईने तो घालून गायलं तर तुझा तबला तिच्या माइकमध्ये शिरेल. शिवाय त्याचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, ३०० ओहम, स्वस्त इंटरफेस त्याला पुरेसा जोर देईलच असं नाही. तू एकच घेणार आहेस आणि तो रेकॉर्डिंगलाही वापरणार आहेस. म्हणजे बंद जातीचा, आणि इम्पीडन्स कमी.

सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासून चाललाय. खरं सांगतो, कधी कधी जास्तच खरं. वरच्या पट्टीत थोडा कर्कश आहे, आणि त्याची गुंडाळीची वायर काढता येत नाही, तुटली की सोल्डरिंग आयर्न घेऊन बसा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, त्याच्या गाद्या मखमली, चष्मेवाल्यांना फार बरा. तो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो, घेतलास तर ८० चा घे, २५० चा नको. त्याचं एक आहे, ‘स’ आणि ‘श’ तो इतके टोकदार दाखवतो की घाबरून तू आईचा आवाज बोथट करशील. ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स सगळ्यांच्या तोंडी असतो, पण मला त्याचा धाकटा भाऊ एम४०एक्स जास्त सरळ वाटतो, खर्ज फुगवत नाही. इम्पीडन्स ३५ ओहम, बेहरिंगरला त्याचं काही ओझं होणार नाही. वायर काढता येते, एक सरळ आणि एक गुंडाळीची अशी दोन मिळतात. तू एम४०एक्स घे. फक्त तो दाबून बसतो. चष्म्यासकट अर्धा तास घालून बघितल्याशिवाय घेऊ नकोस, आणि कानामागे दुखलं तर डीटी ७७०. दुखणारा हेडफोन कितीही खरा असला तरी तू तो घालणार नाहीस.

गाद्यांची रेक्झिन आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने दोन-तीन वर्षांत सोलते, कानाला काळे पापुद्रे चिकटतात. गाद्या वेगळ्या मिळतात, नव्या लाव. पण नकली गाद्यांची जाडी वेगळी असते आणि खर्ज बदलतो, म्हणून त्या कंपनीच्याच बघ.

हेडफोन घरी आला की पहिले पंधरा दिवस मिक्स करू नकोस. ज्या दहा-बारा रेकॉर्ड तुझ्या पाठ आहेत, ज्यांत कुठे ठेका बदलतो, कुठे बाईंनी श्वास घेतला हे तुला झोपेत सांगता येईल, त्या यावर ऐक. डग्गा किती आहे ते लक्षात घे. ते प्रमाण कानात बसलं की तुझा डग्गा त्याच्या शेजारी ठेवून ऐकता येईल. दरम्यान एखाद्या रविवारी तंबोरा घेऊन मिरजेला जा. इतक्या वर्षांच्या तंबोऱ्याची जवारी उतरलेली असणार, ती काढून घे. तिथे बसून उघड्या कानाने ऐक. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले ते काही हवापाण्यासाठी नव्हे... म्हणजे हवापाण्यासाठीही असेल, पण मला गल्लीतले तंबोरे मनात धरून बसायला आवडतं.

हेडफोनवर मिक्स करताना दोन खोड्या होतात. डावीकडे टाकलेला टाळ फक्त डाव्या कानात जातो, स्पीकरवर तसं होत नाही, तिथे दोन्ही कानांना दोन्ही बाजू मिळतात. म्हणून हेडफोनवर पसारा फार रुंद वाटतो. अधूनमधून मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र, करून ऐक. मोनोमध्ये काही गायब झालं तर तिथे गडबड आहे. दुसरी, गुंज, म्हणजे घुमल्यासारखा वाटणारा रिव्हर्ब. हेडफोनवर ती आपण कमी घालतो, कारण कानालगत ती जास्तच वाटते. म्हणून शेवटी मोबाइल, मामाची गाडी, आणि जमलंच तर मंडळाचा तो भोंगा, तिन्ही ठिकाणी ऐकल्याशिवाय फाइल बंद करू नकोस. आणि आवाज हळू ठेव. ८५ डेसिबलला आठ तास हा कामगारांच्या कानांसाठी धरलेला मापदंड आहे, ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. माझ्या डाव्या कानात आता चोवीस तास एक बारीक सूर चालू असतो, काळी एक की दोन ते अजून ठरत नाही.

तू माइकचं काहीच लिहिलं नाहीस, आणि तिथेच खरे पैसे लागणार आहेत. कंडेन्सर माइक घेतलास तर तो आईबरोबर शेजारच्या कुकरची शिट्टी, खालची मोटरसायकल आणि पंखा सगळं गोळा करील. गावभागातल्या खोलीत मी डायनॅमिक, म्हणजे मुख्यतः जवळचाच आवाज उचलणारा माइक, घेईन, शुअरचा एसएम५८. १९६६ पासून आहे, आपटला तरी चालतो. त्याला चार-पाच बोटांवरून गावं लागतं, आणि भजनात वाढलेल्या बाईला माइक जवळ धरायची सवय असतेच. पण हा माइक नकली फार येतो, दिसायला हुबेहूब. ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊनच आण, फार स्वस्तात मिळाला तर समज. फँटम पॉवरचं बटण या माइकला लागत नाही, ते बंदच ठेव. पेटीला दुसरा माइक नंतर घे. आत्ता ऑर्केस्ट्रातल्या कुणाकडून मागून आण. दोन्ही लागले की एकाचा दुसऱ्यात आवाज शिरणारच. दोन माइकमधलं अंतर तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतराच्या तिप्पट ठेव, म्हणजे त्रास कमी.

खोलीला फोमचे त्रिकोण चिकटवू नकोस, ते खर्जाला काही करत नाहीत आणि पैसे खातात. घरातल्या गोधड्या दोरीवर टाक, आईच्या मागे एक, बाजूला एक. गादी उभी कर. साड्यांनी भरलेलं कपाट असेल तर त्याचं दार उघडून त्याच्याकडे पाठ करून बसव. असं केल्याने आवाज इतका बदलतो की नवीन इंटरफेसनेही तेवढा बदलणार नाही.

पैशांचा क्रम मग असा लाव. आधी हेडफोन, मग माइक आणि त्याची एक्सएलआर वायर, साधा स्टँड, मग इंटरफेस. भाव सारखे हलतात, तेव्हा दुकानात विचारूनच जोड. बेरीज पंचवीसवर गेली तर इंटरफेसमध्ये कापायचं, हेडफोनमध्ये नाही. इंटरफेस वापरलेला घेतलास तरी चालेल, फक्त दोन्ही माइकच्या जागा, ४८ व्होल्टचं बटण आणि हेडफोनचं भोक, सगळं तिथेच लावून बघ. वापरलेला हेडफोन मात्र घेऊ नकोस. आणि तुझी खोली खालच्या मजल्यावर असेल तर पावसाळ्यात हे सगळं खोक्यात घालून वरच्या फळीवर. २०१९ चा पूर तू पाहिला आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

सगळं जोडून झाल्यावर पहिलं रेकॉर्डिंग गाण्याचं करू नकोस. नुसता तंबोरा, पाच मिनिटं, पंखा बंद करून. हेडफोनवर ऐक, मग तंबोऱ्यापाशी बसून उघड्या कानाने ऐक. दोन्हीत काय वेगळं वाटतं ते, आणि तुझ्या खोलीतला रेग्युलेटर कोणत्या जातीचा निघाला ते, पुढच्या पत्रात लिही.